अहवाल गावातही वाचा

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हापासून शिबिरांत मुलांनी बंधारे बांधले, झाडे लावली, सर्वेक्षणाचे तक्ते भरले. त्या तक्त्यांचे पुढे काय झाले, हे गावकऱ्यांना क्वचितच कळते, आणि हे मला फार खटकते.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची रीत वेगळी. तिथे गावाचेच अभ्यासगट. जंगल असो वा कायदा, बाहेरचा अभ्यासक गावकऱ्यांसोबत बसतो, चर्चा करतो आणि निर्णय ग्रामसभा घेते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते, त्यामागे ही तयारी होती.

विद्यापीठांनी एवढे तरी करावे: विद्यार्थ्याचा प्रकल्प अहवाल मराठीत, शक्य तिथे गोंडीतही, ग्रामसभेत वाचला जाईपर्यंत त्याचे गुण राखून ठेवावेत.