बँकेचा बोजा चढतो, मिस्त्रीचा का नाही?

वर्ध्यात घरासाठी कर्ज काढले की बँकेचा बोजा आखीव पत्रिकेवर चढतो. हप्ते थकले की घरावर टाच. पण ज्या मिस्त्रीने ते घर उभे केले त्याची मजुरी थकली तर? त्या कागदावर तो कुठेच नाही.

१८७२ च्या करार कायद्याचे कलम १७० वाचा. शिंपी, घड्याळवाला पैसे मिळेपर्यंत तुमची वस्तू अडवून ठेवू शकतो. ही सोय हलवता येणाऱ्या मालापुरती. भिंत कशी अडवणार? अमेरिकेत मेरीलँडने १७९१ मध्येच बांधणाऱ्याच्या पैशांचा बोजा थेट इमारतीवर चढवला. दया नव्हती ती, वॉशिंग्टन शहर उभारायचे होते.

आपल्याकडे बांधकामावरचा १ टक्का उपकर थकला तर सरकार तो जमीन महसुलासारखा वसूल करू शकते. मजुराच्या घामाला ती ताकद मिळते, पण दाव्याचा आदेश झाल्यानंतरच. त्याच उपकरातून भांडी संच येतात आणि आपले कार्यकर्ते रांगा लावण्यात धन्य! बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते, ते काय आपण कुकर वाटावेत म्हणून?

आमची मागणी साधी आहे. थकलेल्या मजुरीचा बोजा आखीव पत्रिकेवर चढवा, तोही बँकेच्या आधी. तोवर ठिय्यावरच्या प्रत्येकाला हजेरीची वही ठेवायला लावा, त्यावर ठेकेदाराची सही घ्या, आणि कामगार कार्यालयात अर्ज देताना घरमालकाचेही नाव घाला.