वोहू मनो : ‘सद्विचार’ एवढ्यावर भागते काय?

पारशी धर्माचा परिचय मराठीत करून देताना ‘वोहू मनो’ या दैवी तत्त्वापुढे कंसात ‘सद्विचार’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. हा प्रतिशब्द इंग्रजीच्या वाटेने आला असावा, अशी आम्हांस शंका आहे. मराठीला तो वळसा घेण्याचे कारण नव्हते. अवेस्तेतील ‘वोहू’ म्हणजे संस्कृत ‘वसु’, अर्थात चांगले. ‘मनह्’ म्हणजे ‘मनस्’. ‘मनह्’मध्ये विचाराचाही अर्थ आहे, हे खरे; पण माणसाने करावयाच्या सुविचाराला त्या धर्मात ‘हुमत’ हा निराळा शब्द आहे. दोहोंना एकच प्रतिशब्द दिला की भेदच पुसला जातो.

या भेदाचा ऊहापोह पुण्याला परका नाही. १८५९ पासून पुणे कॉलेजात, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजात, संस्कृत शिकविणाऱ्या मार्टिन हाउग यांचे पारशी धर्मग्रंथांवरील निबंध १८६२ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. गाथा हा अवेस्तेचा सर्वांत प्राचीन भाग, आणि तेथे अमेशा स्पेंता ही मुख्यतः भाववाचक नामे आहेत, असे त्यांचे प्रतिपादन. पुढील परंपरेत मात्र हेच वोहू मनो ‘बहमन’ होऊन पशुधनाचे रक्षण करते. पारशी पंचांगातील दुसरा दिवस आणि अकरावा महिना त्याच्या नावाचा. त्या महिन्यात अनेक पारशी मांसाहार वर्ज्य करतात. नुसत्या ‘सद्विचारा’साठी कोणी ताटातला पदार्थ सोडील, असे आम्हांस वाटत नाही.

मग ते गुण की देवता? मराठी वाचकाला हा पेच तितका अवघड वाटू नये. पुण्याहून दक्षिणेस कामथडीवरून जाणारा रस्ता धरून भोर गाठावे आणि वरंध घाट उतरावा, की शिवथरघळ येते. दासबोधाची रचना परंपरा जेथे सांगते, तेच हे स्थळ. त्याच रामदासांनी २०५ मनाचे श्लोक लिहिले आणि नपुंसकलिंगी ‘मना’ला सज्जन म्हणून संबोधिले. जे आपल्या आत आहे त्याच्याशी समोरच्या व्यक्तीशी बोलावे तसे बोलता येते, हे आपण लहानपणीच पाठ केलेले असते. वोहू मनो हे नामही नपुंसकलिंगीच.

तथापि दोन्ही एकच, असे म्हणण्याची घाई नको. रामदासांचे मन वळवावे लागते. कवी बोलतो, मन ऐकते. गाथेतील एका सूक्तात उलट घडते. चांगल्या मनासह दिव्यत्व झरथुष्ट्राकडे येते आणि तू कोण, कोणाचा, असे त्यालाच विचारते. तेथे उत्तर माणसाने द्यावयाचे असते.

तौलनिक अभ्यासाच्या वर्गात ही दोन ‘मने’ शेजारी ठेवून वाचली जावीत, असे आम्ही सुचवितो. निदान अनुवादकाने कंसात ‘चांगले मन’ तरी लिहावे. ‘सद्विचार’ हा शब्द भिंतीवरच्या सुविचाराच्या फळ्याला पुरतो. प्रश्न विचारणाऱ्या मनाला तो पुरत नाही.