धर्मशिक्षणाचा तास गेला कुठे?

राखेच्या बुधवारची गोष्ट आहे. सोलापुरातील आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातला नववीतला मुलगा सकाळच्या मिस्साला जाऊन, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन तसाच शाळेत गेला. शाळा ख्रिस्ती. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण तिथे जे घडले ते आपल्या कोणत्याही शाळेत घडू शकते. बाकावर शेजारी बसणारा त्याचा मित्र लिंगायत घरातला, रोज घरून कपाळावर विभूतीचे पट्टे लावून येणारा. त्याने मोठ्या कुतूहलाने विचारले, "अरे, तुम्हीपण भस्म लावता? कशासाठी?" आमच्या मुलाला उत्तर देता आले नाही. मधल्या सुट्टीत नळावर जाऊन त्याने तो क्रूस धुऊन टाकला. संध्याकाळी त्याने हे आईला सांगितले आणि आईने आम्हाला.

मुलाला आम्ही दोष देत नाही. बालवर्गापासून तो त्याच शाळेत आहे. शाळेच्या प्रवेशद्वारावर पवित्र मरियेची मूर्ती आहे, प्रत्येक वर्गात क्रूस आहे, मुख्याध्यापिका धर्मभगिनी आहेत. एवढे सगळे असताना त्याला कुणी हे सांगितले नव्हते की गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आपण ज्या झावळ्या हाती घेतल्या त्याच जाळून ही राख केलेली असते. माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे याची ती आठवण असते. आणि त्या दिवसापासून पुनरुत्थानाच्या सणाकडे नेणारा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. हे चार वाक्यांत सांगता आले असते. ऐकणारा तर ते समजून घ्यायला सर्वांत लायक होता, कारण भस्म म्हणजे देहाच्या नश्वरतेची खूण हे त्याने आपल्या आजोबांकडून ऐकलेले असणार. ज्या गावात सिद्धरामेश्वरांच्या भक्तांच्या कपाळी नित्य भस्म उमटते, त्या गावात राखेचा अर्थ सांगायला शब्दकोश लागत नाही. तिथेच आमचा मुलगा गप्प राहिला आणि वर लाजला.

आम्ही चौकशी केली. वेळापत्रकात धर्मशिक्षणाचे आठवड्यातून दोन तास आहेत. त्या वेळी ख्रिस्ती मुलांना वेगळ्या खोलीत बसवून 'कॅटेकिझम' शिकवायचे आणि उरलेल्या वर्गाला 'मॉरल सायन्स', अशी आपल्या शाळांची जुनी रीत. प्रत्यक्षात दिवाळीनंतर हे दोन्ही तास बीजगणिताला गेले होते. त्याआधी ते ज्या शिक्षकांकडे होते ते खेळाचे शिक्षक. त्यांच्याकडे तास कमी पडत होते म्हणून हा विषय त्यांच्या गळ्यात पडला. पुस्तक होते ते सहावीसाठी छापलेले. परीक्षा नाही, वही नाही, वर्षअखेर प्रगतिपुस्तकात मात्र 'धर्मशिक्षण' या शब्दापुढे सर्वांना 'अ' श्रेणी! त्या 'अ'चा आम्हाला फार राग आला. बीजगणितात खोटा गुण दिला तर तो अपराध ठरतो. धर्मात दिला तर तो औदार्य ठरतो काय?

शाळेचे म्हणणे ठरलेले असते. दहावी डोक्यावर आली आहे, निकाल शंभर टक्के लागला पाहिजे, पालकांचाच तसा आग्रह आहे. यातला शेवटचा मुद्दा दुर्दैवाने खरा आहे. पालकसभेत आपण स्कॉलरशिपविषयी विचारतो, बसच्या भाड्याविषयी तावातावाने भांडतो, गणिताच्या शिक्षकांची बदली झाली तर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर रांग लावतो. धर्मशिक्षणाचा तास का झाला नाही असे विचारायला आजवर किती पालक गेले? आम्हीही गेलो नव्हतो. तेव्हा या लेखातील प्रत्येक आरोप आमच्या स्वतःच्या उंबऱ्यावरून निघतो, हे मान्य करूनच पुढे लिहितो.

"चर्चमध्ये रविवारची शाळा आहेच की," असे दुसरे उत्तर मिळते. आहे, आणि तिथे निष्ठेने शिकवणाऱ्या तरुण-तरुणींना आमचा नमस्कार. पण दृढीकरणाचा संस्कार झाला की त्या शाळेतील बाके कशी रिकामी होतात ते कोणत्याही धर्मगुरूंना विचारावे. नववीच्या मुलाचा रविवार सकाळपासून शिकवणीवर्गाने घेतलेला असतो. शिवाय हे दोन तास एकमेकांच्या बदली चालणारे नाहीत, हे ख्रिस्तसभेने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. कॅथलिक शाळेतील शिक्षणाच्या धार्मिक अंगाविषयी रोमच्या शिक्षण विभागाने १९८८ साली जे पत्रक काढले त्यात हा भेद केलेला आहे: श्रद्धेची जोपासना हे धर्मग्रामाचे आणि कुटुंबाचे काम, तर धर्माचे ज्ञान देणे हे शाळेचे काम, दोन्ही एकमेकांना पूरक, पण दोन्ही वेगळी. १९९७ च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेने तर शाळेतील धर्म हा विषय इतर विषयांइतक्याच शिस्तीने व काटेकोरपणे शिकवावा अशी अपेक्षा व्यक्त केली. इतर विषयांइतक्याच! म्हणजे तयारीचा शिक्षक, त्या वयाचे पुस्तक, वही, प्रश्न, परीक्षा. मूल प्रार्थना कशी करते याला गुण देता येत नाहीत, देऊही नयेत. पण चार शुभवर्तमाने कोणी लिहिली, डोंगरावरील प्रवचनात काय सांगितले आहे, राखेचा अर्थ काय, याची परीक्षा घ्यायला काय हरकत आहे?

आता कायद्याविषयी. आपल्या पुष्कळ सुशिक्षित बांधवांची अशी समजूत झालेली दिसते की शाळेत धर्म शिकवणे सरकारला चालत नाही, म्हणून हा तास दबकत घ्यावा किंवा घेऊच नये. राज्यघटनेचे २८ वे कलम वाचावे. जी शाळा पूर्णपणे सरकारी निधीतून चालते तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. आपल्या शाळा त्या प्रकारच्या नव्हेत. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेसाठी त्याच कलमाची अट एवढीच आहे की विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची, संमती असल्याखेरीज त्याला धार्मिक शिक्षणाला अथवा उपासनेला बसण्याची सक्ती करू नये. संमतीची एक चिठ्ठी! सहलीला नेताना आपण ती घेतोच. आणि निरनिराळ्या धर्मांची माहिती देणे ही तर त्याहूनही वेगळी गोष्ट. २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचे शिक्षण आणि धर्माची दीक्षा देणारे शिक्षण यांत फरक करून पहिल्याला घटनेची आडकाठी नाही असा निर्वाळा दिला. तेव्हा कायदा आडवा येतो ही सबब आपण सोडून द्यावी. आडवी येते ती भीती.

भीतीला कारण नाही असे आम्ही म्हणत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत आसामात ख्रिस्ती शाळांच्या आवारातील मूर्ती आणि क्रूस काढून टाका, धर्मगुरू व धर्मभगिनींनी झगा घालून शाळेत येऊ नये, अशा धमक्यांची पत्रके लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या शिक्षण व संस्कृती विभागाने देशभरातील आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर आपल्या परंपरा लादू नका, सकाळच्या परिपाठात घटनेची उद्देशिका म्हणा, सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची एक खोली ठेवा. महाराष्ट्राला यातील उद्देशिका नवी नव्हती. आपल्याकडे २६ जानेवारी २०२० पासून सरकारी आदेशानेच ती शाळांत वाचली जाऊ लागली. या सूचनांवर काही जण नाराज झाले. ही माघार आहे, असे ते म्हणाले. आम्हाला तसे वाटत नाही. चारशे मुलांना हात जोडायला लावून ज्या प्रार्थनेचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही ती घोकून घेणे, याला आम्ही सुवार्ता मानत नाही, आणि प्रभू येशूनेही कुणाच्या गळ्यात बळेच काही बांधले नाही. आमची तक्रार वेगळी आहे. 'लादू नका' हा आदेश आपल्या काही व्यवस्थापनांनी 'शिकवू नका' असा वाचला, कारण तसा वाचणे सोयीचे होते. दोन तास मोकळे झाले आणि बीजगणित वाढले.

वर्गाचे दोन तुकडे करण्याची ती जुनी रीतही एकदा तपासून पाहण्याजोगी आहे. 'मॉरल सायन्स'च्या खोलीत बसलेली ती बहुसंख्य मुले दहा-बारा वर्षे ख्रिस्ती शाळेत काढतात आणि जाताना ख्रिस्ताविषयी काय नेतात? नाताळचे झाड, कापसाचा बर्फ आणि लाल टोपीचा म्हातारा. सोलापूरच्या उन्हात कापसाचा बर्फ! ज्यांच्या आईवडिलांनी विश्वासाने मूल आपल्याकडे पाठवले, त्यांना आपल्या श्रद्धेची सरळ, प्रामाणिक ओळखही आपण करून दिली नाही. खरे बोला, चोरी करू नका, हे शिकवायला ख्रिस्ती शाळेची गरज नाही. ते घरी आजी शिकवते.

इकडे कॅटेकिझमच्या खोलीतील आपली मुले. ती जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसतात, नंदीध्वजांची मिरवणूक रस्त्याच्या कडेने पाहतात. परंतु सिद्धराम हे बाराव्या शतकातील शिवयोगी, बसवेश्वरांचे समकालीन, कन्नड वचने रचणारे, आणि गावासाठी तलाव खोदणारे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. मोहरम, रमजान, बतुकम्मा ही त्यांच्यासाठी फक्त सुट्ट्यांची किंवा गर्दीची नावे. ज्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, त्या शहरातील ख्रिस्ती मूल आपल्या शेजाऱ्याच्या देवाविषयी अडाणी राहते. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात जे चार सोलापूरकर फासावर गेले ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. ही चार नावे नुसती एका ओळीत वाचली तरी हे शहर कोणत्या धाग्यांनी विणले आहे ते कळते. धर्माच्या तासाला ही चार नावे फळ्यावर का लिहिली जाऊ नयेत?

इथे कुणी म्हणेल की मग आपला विश्वास पातळ होईल. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीची घोषणा आणि अन्य धर्मांशी असलेल्या संबंधांविषयीची घोषणा एकाच दिवशी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केली. परिषदेच्या पित्यांना या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही. तो आपल्याला दिसतो, कारण आपल्याला दोन्हीपैकी एकही नीट येत नाही. विभूती लावणाऱ्या मित्राशी बोलता आले असते तर आमच्या मुलाचा विश्वास पातळ झाला असता, की पहिल्यांदाच त्याचा स्वतःचा झाला असता?

भाषेचाही एक काटा आहे, तो बोलून टाकतो. इंग्रजी माध्यमात गेलेले मूल इंग्रजीत कॅटेकिझम शिकते, घरी मराठीत जपमाळ म्हणते, आणि मित्राने मराठीत प्रश्न विचारला की त्याच्याजवळ शब्दच नसतात. 'ग्रेस', 'सिन', 'पेनन्स' हे त्याला माहीत. कृपा, पाप, प्रायश्चित्त हे शब्द त्याच गोष्टींचे आहेत हे त्याच्या ध्यानात येत नाही. एका इंग्रज येशूसंघीयाने, फादर थॉमस स्टीफन्स यांनी, ख्रिस्ताची कथा जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापली गेली. पुराणे ऐकत वाढलेल्या माणसांना ख्रिस्तकथा पुराणाच्याच चालीत कळेल, हे त्या परदेशी माणसाला चारशे वर्षांपूर्वी उमगले. आपण याच मातीतले असून आपल्याला उमगू नये?

आम्हाला काय हवे ते अवघड नाही. आठवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक तास संपूर्ण वर्गाने एकत्र बसून धर्मांचा अभ्यास करावा; त्यात ख्रिस्ती धर्म संकोच न करता आणि इतर धर्म आदराने शिकवावेत. दुसरा तास आपल्या मुलांचा, पालकांच्या लेखी संमतीने इतर कुणाला यायचे असेल तर त्यांचाही. दोन्हींसाठी त्या विषयाची तयारी केलेला शिक्षक हवा. आपल्या धर्मप्रांतात सेमिनरीत शिकलेले लोक आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, शिकायला तयार असलेल्या तरुण माता आहेत. त्यांना मानधन द्यावे लागेल. शाळेच्या नव्या रंगासाठी पैसे निघतात, तसे ते यासाठीही निघतील. आणि बीजगणिताचा तास कमी पडत असेल तर तो स्नेहसंमेलनाच्या नाचांच्या तालमीतून घ्यावा. तिथे महिना महिना जातो, त्याला कुणी हात लावत नाही.

जूनमध्ये शाळा उघडतील. पहिल्या आठवड्यात वेळापत्रक लागेल. पालकहो, ते मुलाच्या वहीत पाहू नका, शाळेत जाऊन फलकावर पाहा. धर्मशिक्षणाच्या चौकटीत कोणत्या शिक्षकाचे नाव आहे ते वाचा आणि त्यांना भेटा. दिवाळीनंतर पुन्हा एकदा जाऊन तीच चौकट पाहा. तिथे दुसरा विषय लिहिलेला आढळला तर मुख्याध्यापकांना अर्ज द्या, त्यावर पोच घ्या आणि एक प्रत धर्मग्रामाच्या धर्मगुरूंकडे पाठवा. त्या मुलाच्या आईने असा अर्ज दिला आहे. त्यावर खाली आम्हीही सह्या केल्या आहेत.