आठव्या दिवसानंतर

आज 20 मार्च. डोक्याच्या दुखापतीबद्दल जागृती करण्याचा हा दिवस आपल्याकडे हेल्मेटपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. हेल्मेट हवेच. ज्या पुण्यात त्याच्या सक्तीविरुद्ध आंदोलने झाली, तिथे ते पुन्हा सांगून शाई दवडण्यात अर्थ नाही. आज बोलायचे आहे ते डोक्याला जबर मार लागूनही जे वाचले त्यांच्याविषयी.

जीव वाचवण्यात आपण पुष्कळ सुधारलो, हे मान्यच करायला हवे. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते. मे 2025 मध्ये केंद्राने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. मुदत अपघातापासून सात दिवस. मेंदूला गंभीर इजा झालेला रुग्ण सातव्या दिवशी कित्येकदा डोळेही उघडत नाही. तो डोळे उघडतो, उठून बसतो, घरी येतो. नातेवाईक नारळ वाढवतात, ‘मोठ्या संकटातून सुटलात’ म्हणतात, आणि घरच्यांची खरी परीक्षा तेव्हा सुरू होते.

आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट. भुसार दुकान चालवणारे चाळिशीतले गृहस्थ दुचाकीवरून पडले. वर्षभरात चालू-बोलू लागले. गल्लीच्या मते ठणठणीत. पण गल्ल्यावर बसले की एकाच गिऱ्हाईकाला दोनदा सुटे पैसे देतात, कुणी लक्षात आणून दिले की अंगावर धावून जातात आणि दहा मिनिटांत आपण ओरडलो हेच विसरतात. दूध उतू जाताना त्यांना दिसते. गॅस बंद करायला हात पुढे होत नाही. बायको हळूच म्हणते, ‘आळस आहे का हो हा?’

आळस नव्हे. काम सुरू करणे, क्रम लावणे, राग आवरणे ही बरीचशी जबाबदारी कपाळामागच्या मेंदूची, आणि आदळताना तोच भाग कवटीच्या खडबडीत तळावर घासला जातो. मेंदूत दूरवर पसरलेले बारीक तंतू ताणले वा तुटले, तर साध्या सीटी स्कॅनवर त्याचा फारसा मागमूसही दिसत नाही. शिवाय आपल्यात काही बदल झालाय, हेच पुष्कळदा रुग्णाला उमगत नाही. मग वाईटपणा येतो तो घरच्यांकडे.

सुधारणा होते, पण तिला वर्षे लागतात. पहिल्या काही महिन्यांत वेग जास्त असतो, पुढे मुंगीच्या पावलाने. तुटलेले जसेच्या तसे जुळत नाही. शाबूत भाग सरावाने नवी वाट पाडतो. म्हणूनच चहा करणे, बाजारची यादी करणे, बसने एकट्याने जाणे हेच उपचार ठरतात. ज्या शाखेचे हे काम, त्या व्यवसायोपचाराचे शिक्षण भारतात प्रथम सुरू झाले ते 1950 साली, परळच्या केईएम रुग्णालयात, अमेरिकेत जन्मून निंबकरांच्या घरात सून म्हणून आलेल्या कमलाबाई निंबकरांच्या पुढाकाराने. हाजी अलीची पुनर्वसन संस्थाही पन्नाशीच्याच दशकातली. इतका जुना वारसा असलेल्या राज्यात तालुक्याच्या गावी व्यवसायोपचारतज्ज्ञ कुठे भेटतो, असे विचारले तर लोक फिजिओथेरपीच्या दवाखान्याचा पत्ता देतात.

कायद्याच्या नजरेलाही ही माणसे नीट दिसत नाहीत. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत मेंदूची दुखापत हे नाव नाही. लुळा हात टक्क्यांत मोजता येतो. विसर आणि संताप कुठल्या रकान्यात बसवायचे, यासाठी कुटुंबाने खेटे घालायचे. चाळीस टक्के भरले तर पुढच्या सवलती. न्यायालयाने मात्र एकदा हिशेब नीट मांडला. डोक्याला मार लागून कायमची परावलंबी झालेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये चोवीस तासांसाठी दोन मदतनीस धरले आणि त्यांचा खर्च आयुष्यभराच्या गुणकाने भरपाईत घातला. घरोघरी हेच काम आई, बायको, बहीण करते, नोकरी सोडून, आणि तिचे नाव कुठल्याच हिशेबात येत नाही.

सात दिवसांची योजना आखणाऱ्यांनी आठव्या दिवसाचा विचार करावा, एवढीच आमची मागणी. जिल्हा रुग्णालयात पुनर्वसनाचा एक चमू, घरी सोडताना पुढच्या वर्षाचे लेखी वेळापत्रक, आणि सांभाळणाऱ्या बाईला महिन्यातून चार दिवस उसंत. उड्डाणपुलांच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

परवा त्या दुकानदारांच्या घरी गेलो होतो. ओट्यामागच्या फरशीवर आठवीतल्या मुलीने स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे: गॅस पेटवणे, पाणी ठेवणे, साखर दोन चमचे. चहा त्यांनीच केला. साखर पडली आणि दारावरची बेल वाजली, ते दार उघडून आले आणि साखर पुन्हा पडली. आम्ही तो गोडमिट्ट चहा संपवला. मुलगी तोवर पेन घेऊन ओट्याशी उभी होती. चिठ्ठीत खाली जागा शोधून तिने चौथी ओळ लिहिली: बेल वाजली तर आधी गॅस बंद करणे.