लुळे पडलेले श्वासपटल आणि रोबोट

शिरढोणहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे : दुकानात खाली वाकले की पतीला धाप लागते, रात्री उताणे झोपवत नाही. हृदय निर्दोष आहे. मात्र उजवे श्वासपटल लुळे पडल्याचे निदान झाले. रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया सुचविली आहे, करावी काय?

श्वासपटल हा छाती व पोट यांमधला घुमटाकार स्नायू. श्वास घेताना तो खाली उतरतो आणि फुप्फुसाला जागा मिळते. मानेतून निघून हृदयालगत उतरणारी फ्रेनिक चेता त्याला चालविते. इजा, गाठ, हृदयशस्त्रक्रिया, क्वचित नागीण यांमुळे ती निकामी होते. पुष्कळदा कारण सापडतच नाही. मग त्या बाजूचे पटल श्वासाबरोबर उलट वर उसळते. आडवे होताच पोटातील अवयव त्यास आणखी वर रेटतात.

शस्त्रक्रियेत या सैल पटलाला निऱ्यांसारख्या चुण्या घालून टाके घेतात. पटल ताठ होऊन खाली बसते, उसळणे थांबते. चेता मात्र त्याने पुन्हा जागी होत नाही. ही अपेक्षा ठेवून कोणी शस्त्रक्रियेस जात असेल, तर त्याला आधीच सांगितलेले बरे.

रोबोट स्वतः काही करीत नाही. शल्यचिकित्सक शेजारी बसून त्याचे हात हलवितो. बरगड्यांच्या फटीतून सरळ दांड्याच्या हत्यारांनी टाके घालणे अवघड असते. रोबोटची हत्यारे मनगटासारखी वळतात, दृश्य मोठे व त्रिमितीय दिसते. सुई खोल गेल्यास खाली यकृत आहे, म्हणून ही सोय मोलाचीच. तथापि साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपेक्षा श्वास अधिक सुधारतो, असे सिद्ध झालेले नाही. माझ्या मते यंत्रापेक्षा ते चालविणाऱ्याने अशा किती शस्त्रक्रिया केल्या, हे आधी विचारावे.

घाईही नको. गाठ नाही याची सीटी स्कॅनने खात्री झाली आणि प्रकृती स्थिर असली, तर सहा महिने ते वर्षभर वाट पाहतात. काहींची चेता आपोआप सावरते. वजन अधिक असल्यास ते उतरविल्यानेही धाप कमी होते.

खर्चाविषयी : विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रियेचा समावेश विमासंरक्षण द्यावयाच्या आधुनिक उपचारांत केला, परंतु कंपन्यांना त्यावर रकमेची मर्यादा घालता येते. ती मर्यादा रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावी. छातीची जुनी क्ष-किरण चित्रे घरात असतील तर तीही सोबत न्यावीत. पटल केव्हापासून वर सरकले आहे, हे त्यांवरून डॉक्टरांना कळेल.