चौथ्या दिवसाचा रिपोर्ट

रक्तमूलपेशींची पिशवी सेंट्रल लाइनला जोडली की पेशी शिरेतून आत जातात. हाडापर्यंत त्यांना कोणी नेऊन सोडत नाही. वाट त्यांची त्याच शोधतात. मज्जेतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ई-सिलेक्टिन असते. त्याला अडखळत पेशी घरंगळू लागते, तिचा वेग मंदावतो. तेवढ्यात त्याच अस्तरावर चिकटलेला सीएक्ससीएल १२ हा कीमोकाइन तिच्या सीएक्ससीआर ४ या ग्राहीला भिडतो, व्हीएलए ४ इंटिग्रिनची पकड एकदम घट्ट होते, आणि थांबलेली पेशी भिंतीतून मज्जेत उतरते.

नागासावा यांच्या गटाने १९९६ मध्ये सीएक्ससीएल १२ नसलेले उंदीर अभ्यासले. त्यांच्या गर्भाच्या यकृतात मायलॉइड पूर्वपेशी होत्या, मज्जेत मात्र त्या अगदीच रोडावलेल्या होत्या. १९९९ मध्ये इस्रायलच्या वाइझमान संस्थेतून पुढचा पुरावा आला: मानवी मूलपेशींवरचा सीएक्ससीआर ४ अँटीबॉडीने झाकला, तर त्या उंदरांच्या मज्जेत रुजत नाहीत.

आपल्या रोजच्या कामाशी याचा संबंध असा की, बोलावणारा आणि धरून ठेवणारा संदेश एकच आहे. व्हिम सिंड्रोममध्ये ही ग्राही बंद व्हायचे नाव घेत नाही, म्हणून न्यूट्रोफिल मज्जेतच अडकतात आणि रक्तात त्यांची वानवा राहते. अॅफेरेसिससाठी मूलपेशी रक्तात आणायच्या, तर हीच पकड सैल करावी लागते. जी-सीएसएफ मज्जेतला सीएक्ससीएल १२ काही दिवसांत हळूहळू उतरवते. प्लेरिक्साफोर थेट ग्राहीच अडवते. हे औषध मुळात एचआयव्हीसाठी तपासले जात होते. निरोगी स्वयंसेवकांच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या आणि त्याचा खरा उपयोग कळला. लिम्फोमा आणि मल्टिपल मायलोमासाठी अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली.

मात्रा किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम, अॅफेरेसिसच्या सुमारे ११ तास आधी. म्हणजे सकाळी नऊला मशीन लावायचे, तर इंजेक्शन आदल्या रात्री दहाला. ते द्यायचे की नाही, हे जी-सीएसएफच्या चौथ्या दिवशीच्या रक्तातल्या सीडी ३४ आकड्यावर ठरते. आणि तो रिपोर्ट आजही कित्येक ठिकाणी पाचव्या दिवशी सकाळी हातात येतो! तोवर रुग्ण खुर्चीत बसलेला असतो, किट उघडलेले असते, आणि किलोमागे किमान वीस लाख सीडी ३४ पेशी हव्यात तिथे निम्म्याही जमत नाहीत.

औषध महाग आहे, सरसकट देता येत नाही. म्हणूनच आमचा आग्रह आहे की चौथ्या दिवसाचा नमुना सकाळीच घ्यावा आणि फ्लो सायटोमेट्रीचा आकडा दुपारपर्यंत वॉर्डात कळावा. दर मायक्रोलिटरला १० पेक्षा कमी पेशी असतील, तर रात्रीच्या इंजेक्शनसाठी सकाळची वाट पाहू नये. ज्यांनी दीर्घकाळ लेनालिडोमाइड घेतले आहे, ज्यांना आधी रेडिएशन झाले आहे, त्यांच्यासाठी औषध आधीच मागवून ठेवावे. वाया गेलेल्या अॅफेरेसिसचा खर्च घरच्यांनाच भरावा लागतो, आणि दुसऱ्यांदा तयारी करण्याइतकी ताकद प्रत्येक रुग्णात उरत नाही.

मायलोमाच्या रुग्णांत मूत्रपिंडाचा त्रास नेहमीचा. त्याच सकाळच्या नमुन्यात क्रिएटिनिनही पाठवावे. क्लिअरन्स ५० किंवा त्याखाली असेल, तर मात्रा ०.१६ वर आणावी लागते, आणि हे रात्रपाळीच्या सिस्टरच्या कागदावर आधीच लिहिलेले असायला हवे.