तळहाताएवढा जीव

"मामा, पिल्लू उठतच नाहीये!" सकाळी सहाला भाचीचा फोन. तीनच दिवसांपूर्वी आणलेलं टॉय पॉम. वय ५ आठवडे, वजन अर्धा किलोसुद्धा नाही. हिरड्यांना जरासा मध चोळ म्हटलं आणि गाडी काढली. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली, ग्लुकोज लावलं. वाचलं बिचारं!

आजार वगैरे काही नव्हता. रात्री दहापासून ते उपाशी होतं, एवढंच. इतक्याशा जिवाच्या यकृतात साखरेचा साठा तो केवढा! त्याला दर ३-४ तासांनी खायला लागतं, ऊबही लागते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं असतं तर हे कळलं असतं. पण आपलं ठरलेलं, 'लशीच्या वेळी जाऊ की!'

लशीचंही तसंच. पार्वोची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची असताना, मग निदान १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी पुन्हा. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लशीच्या आड येते, आणि ती नेमकी कधी ओसरेल ते सांगता येत नाही. एका सुईत भागत नाही ते म्हणून.

खरा राग येतो विकणाऱ्याचा. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही. पण 'जितकं लहान तितकं गोड' म्हणून मागतो कोण? आपणच ना?

असो. आईजवळ आणखी तीन आठवडे राहिलं असतं, तर त्याचा गोडवा काही कमी झाला नसता.